सायकल, स्वार आणि वारा

समोरून वारा असला की रस्ता लांबतो, ही गोष्ट सायकल चालवणाऱ्या कोणालाही पुस्तकातून शिकावी लागत नाही. आषाढातल्या वाऱ्यात कॉलेजला येताना आपण आपोआप हँडलवर ओणवे होतो, मान खाली घालतो, कोपरे अंगाशी घेतो. या तीन साध्या हालचालींत एका मोठ्या शास्त्राची बाराखडी सामावलेली आहे. ते शास्त्र म्हणजे वायुगतिशास्त्र. विमानांसाठी वाढलेले हे शास्त्र गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सायकलीच्या चौकटीत शिरले. त्याने सायकलीचे रूप तर पालटलेच, पण 'शर्यत जिंकतो तो माणूस की त्याची सायकल?' असा एक अवघड प्रश्नही उभा केला.

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. समीकरणांशी माझा घरोबा नाही. परंतु आंतरमहाविद्यालयीन सायकल शर्यतींत दोन वर्षे भाग घेतल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी राहिलेला नाही. आरंभरेषेवर आपल्या शेजारी उभ्या असलेल्या सायकलीची किंमत आपल्या घरच्या वर्षाच्या उत्पन्नाएवढी असू शकते, हे कळल्यावर उमेद टिकवायची तर त्या सायकलीत नेमके आहे तरी काय, हे समजून घेणे भाग पडते. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आडोसा नसलेली शर्यत

सायकलीच्या रस्त्यावरील शर्यती मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीत सर्व स्वार एकदम सुटतात आणि घोळक्याने धावतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशाने जातात. रानात उडणारे बगळे जसे आलटून पालटून पुढे येतात, तसाच हा व्यवहार. दुसऱ्या प्रकारात स्वार एकामागून एक, मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने सोडले जातात आणि प्रत्येकाचा वेळ वेगळा मोजला जातो. हिला 'टाइम ट्रायल' म्हणतात. हिच्यात कोणाचा आडोसा घेता येत नाही. स्वार, घड्याळ आणि वारा एवढे तिघेच.

तिसरी एक शर्यत या दुसरीच्या जवळची आहे. पोहणे, सायकल आणि धावणे असे तीन खेळ एका दमात पुरे करण्याच्या ट्रायथलॉनमधील 'आयर्नमन' ही लांब शर्यत १९७८ मध्ये हवाई बेटांवर सुरू झाली. तिच्यात सुमारे ३.८ किलोमीटर पोहून झाल्यावर १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरांहून थोडे अधिक, धावायचे असते. येथेही पुढच्या स्वाराच्या पाठीमागे चिकटून जाण्यास मनाई आहे. ऑलिंपिकमधील आखूड ट्रायथलॉनमध्ये घोळक्याने जाण्यास मोकळीक असते, म्हणून तेथे नेहमीच्या शर्यती सायकली दिसतात. वाऱ्याला चिरण्यासाठी घडवलेल्या विशेष सायकलींचे माहेर मात्र टाइम ट्रायल आणि लांब ट्रायथलॉन हेच.

या सायकलींकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले ते २३ जुलै १९८९ या दिवशी. 'टूर द फ्रान्स' ही सुमारे ३,२८५ किलोमीटरांची शर्यत शेवटच्या दिवसावर आली होती. व्हर्साय ते पॅरिस अशी २४.५ किलोमीटरांची टाइम ट्रायल तेवढी उरली होती. फ्रान्सचा लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी आघाडीवर होता. त्याचा प्रतिस्पर्धी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड. दोनच वर्षांपूर्वी शिकारीतील अपघातात बंदुकीचे छर्रे लागून मरणाच्या दारातून परत आलेला. लेमाँडच्या सायकलीला पुढे दोन लांब दांड्या होत्या. त्यांवर कोपरे टेकवून आणि हात जवळजवळ जुळवून तो बसला होता, आणि डोक्यावर मागे निमुळते होत गेलेले शिरस्त्राण होते. फिन्योंची सायकलही साधी नव्हती. तिची दोन्ही चाके आऱ्यांऐवजी बंद तबकडीची होती. पण त्याचे हात नेहमीसारखे फाकलेले होते आणि उघड्या डोक्यामागे बांधलेले केस वाऱ्यावर उडत होते. लेमाँडने ते अंतर २६ मिनिटे ५७ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे ५४.५ किलोमीटर वेगाने कापले. फिन्योंला ५८ सेकंद अधिक लागले. तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल अवघ्या ८ सेकंदांनी लागला.

फिन्योंला त्या दिवसांत बैठकीच्या जागी झालेल्या गळवाचा त्रास होता, हेही सांगितले पाहिजे. एका कारणाने सारे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही त्या दोन दांड्या आणि ते शिरस्त्राण यांचा वाटा ८ सेकंदांहून अधिक होता, याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही.

वारा काय मागतो?

हवा आपल्याला दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे आपण धरून चालतो. वास्तविक एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते. स्वाराला ही हवा सतत बाजूला सारावी लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. आणि त्या विरोधावर मात करण्यासाठी दर सेकंदाला खर्चावी लागणारी शक्ती आठपट होते. ताशी २० किलोमीटरला वारा जेवढी शक्ती मागतो, तिच्या आठपट तो ४० किलोमीटरला मागतो. सपाट रस्त्यावर या वेगाला स्वाराच्या श्रमांपैकी ऐंशी ते नव्वद टक्के श्रम एकट्या हवेपायी खर्च होतात. टायरची रस्त्याशी होणारी झीज आणि चेनचे घर्षण यांच्या वाट्याला उरलेले थोडे येते.

चढावर मात्र हिशेब उलटतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणारा स्वार डोळ्यांसमोर आणावा. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, शंभर मीटरला ६ मीटर असा चढ आणि वेग ताशी १५ किलोमीटर असे धरले, तर गुरुत्वाकर्षणासाठी १९० हून अधिक वॅट लागतात आणि हवेसाठी जेमतेम १४. म्हणून घाटात हलकी सायकल हवी आणि सपाटीवर वाऱ्याला चुकवणारी. वजन कमी केले की सायकल सर्वत्र वेगवान होते, हा आपला समज अर्धाच खरा आहे.

नळीचा आकार

आता चौकटीकडे वळू. आपल्या नेहमीच्या सायकलीची चौकट गोल नळ्यांची असते. गोल नळी मजबूत आणि घडवायला सोपी. परंतु वाऱ्याच्या दृष्टीने वाईट. असे का, हे समजण्यासाठी पावसाळ्यात नदीच्या पुलावर उभे राहावे. पाणी खांबाच्या समोरच्या बाजूला दुभंगते ते बहुधा शांतपणे. खरा गोंधळ असतो तो खांबाच्या मागे. तेथे पाणी खांबाला धरून राहू शकत नाही, ते सुटते आणि भोवरे निर्माण होतात. हवेचेही असेच. गोल नळीच्या मागे हवा सुटते, तेथे दाब कमी होतो, आणि पुढचा अधिक दाब व मागचा कमी दाब यांच्या कात्रीत सापडून नळी मागे खेचली जाते.

यावरचा उपाय निसर्गाने माशाच्या शरीरात केलेला आहे. माशाचे डोके बोथट, पण शेपटीकडे अंग हळूहळू निमुळते होत जाते. पुढे टोक हवे असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात महत्त्व आहे मागच्या निमुळतेपणाला. हवेला परत एकत्र यायला सावकाश वाट मिळाली की भोवरे कमी होतात. याचा परिणाम केवढा असावा? वायुगतिशास्त्राच्या पुस्तकांत एक उदाहरण नेहमी दिलेले असते. एक बारीक गोल तार आणि तिच्या सुमारे दहापट जाडीचा पण माशासारख्या छेदाचा पंख, या दोघांना होणारा हवेचा विरोध जवळजवळ सारखाच असतो.

म्हणून टाइम ट्रायलच्या सायकलीची नळी समोरून पाहिली तर अरुंद आणि बाजूने पाहिली तर रुंद पट्टीसारखी दिसते. अशा आकारासाठी पोलाद किंवा ॲल्युमिनियम अवघड जाते. कार्बन फायबरचे कापड राळेत भिजवून साच्यात हवा तो आकार देता येतो. सीटखालची नळी मागच्या चाकाच्या वळणाबरोबर वळवलेली असते, त्यामुळे चाक तिच्या आडोशाला राहते. ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा, ज्या आपल्या सायकलीवर बाहेर लोंबतात, त्या नळ्यांच्या पोटातून नेलेल्या असतात. बारीक गोल तार वाऱ्याला केवढी महाग पडते ते आपण वर पाहिलेच.

माशाची पूर्ण शेपटी सायकलीला लावता येत नाही. नळी फार खोल आणि जड होते, आणि बाजूच्या वाऱ्यात शिडासारखी वागते. येथे मदतीला येतो तो वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याचा विचार. मोटारींवर काम करताना १९३०च्या दशकात त्याने असे दाखवले, की निमुळती होत जाणारी शेपटी मध्येच सरळ कापून टाकली तरी बराचसा लाभ हाती राहतो. कापलेल्या जागेपलीकडे हवा जणू स्वतःच उरलेली शेपटी आखून घेते. आजच्या कित्येक सायकलींच्या नळ्या पुढे गोलसर आणि मागे कापल्यासारख्या सपाट दिसतात, त्याचे कारण हे.

चाकाबद्दलही दोन शब्द. धावत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, तर माथ्याचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. म्हणजे वरचे आरे हवेला दुप्पट वेगाने घुसळतात. तबकडीचे चाक ही घुसळण थांबवते. परंतु आडवा वारा सुटला तर हेच चाक शीड बनते. पुढचे चाक हँडलला जोडलेले असल्याने तेथे तबकडी धोक्याची; म्हणून उघड्या रस्त्यावर ती बहुधा मागेच दिसते. हवाईतील कोना येथील आयर्नमन शर्यतीत तर तेथील आडव्या वाऱ्यामुळे तबकडीच्या चाकांना अनेक वर्षे बंदी होती.

मोठा अडथळा कोणता?

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल, की चौकट बदलली की काम झाले. पण खरी गंमत पुढेच आहे. स्वार आणि सायकल यांना मिळून जो हवेचा विरोध होतो, त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग स्वाराच्या शरीराचा असतो. चाके, चौकट, हँडल आणि इतर सारे मिळून उरलेला एक-चतुर्थांश. सायकलीवरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बेढब भाग म्हणजे आपण स्वतः!

वाऱ्याला स्वार केवढा 'दिसतो', हे चौरस मीटरमध्ये मोजता येते. समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकाराचा बरेवाईटपणा यांचा गुणाकार म्हणजे हे माप. साध्या शर्यती सायकलीच्या वळलेल्या हँडलवर हात ठेवून वाकलेल्या स्वाराचे माप सुमारे ०.३२ धरता येते. टाइम ट्रायलच्या सायकलीवर नीट बसलेल्याचे सुमारे ०.२२. ताशी ४० किलोमीटरला पहिल्यास हवेसाठी सुमारे २६३ वॅट लागतात आणि दुसऱ्यास १८१. उलट बाजूने पाहायचे तर, दुसरा स्वार जी शक्ती खर्चून ४० किलोमीटरने जातो, तेवढीच हवेवर खर्चून पहिला ३५ च्या आसपास राहतो. पाय तेच, दम तोच, फरक आकाराचा.

म्हणजे चौकटीचे पहिले काम स्वतः वारा चिरणे हे नसून, स्वाराचे शरीर वाऱ्याच्या वाटेतून बाजूला ठेवणे हे आहे. चौकट म्हणजे बैठकीचा साचा. लेमाँडने वापरलेल्या लांब दांड्या बून लेनन या अमेरिकन स्कीइंग प्रशिक्षकाच्या कल्पनेतून आल्या. बर्फावरून घसरणारा खेळाडू हात पुढे जुळवून अंग मुडपून घेतो, तेच त्याने सायकलीवर आणले. त्या आधी स्वीकारल्या ट्रायथलॉनच्या खेळाडूंनी. त्यांचा खेळ नवा, त्याला परंपरेचे ओझे नव्हते. मात्र इतके पुढे ओणवे झाले की मांडी पोटाला भिडते आणि पाय नीट फिरत नाही. म्हणून ट्रायथलॉनच्या चौकटीत सीट पुढे सरकवलेली असते. साध्या शर्यती सायकलीत सीटखालच्या नळीचा आडव्याशी कोन सुमारे ७३ अंश, तर येथे ७६ ते ७८ किंवा त्याहूनही अधिक. सारे शरीरच जणू पायडलच्या आसाभोवती पुढे फिरवून घेतलेले. पाठ सपाट होते, पण कमरेतला कोन मोकळा राहतो. पुढे मॅरेथॉन धावायची असल्याने हा मोकळेपणा फार मोलाचा. अतिशय खाली वाकून वाचवलेली मिनिटे आखडलेल्या कमरेने धावताना सहज परत जातात.

सायकल कशाला म्हणावे?

येथे शास्त्र संपते आणि आपल्या कला शाखेचा प्रांत सुरू होतो. कारण प्रश्न व्याख्येचा आहे. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर नावाचा स्वार आडवे पडून चालवायच्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा तो विक्रम होता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्या ठरवली आणि आडवी सायकल तिच्याबाहेर ठेवली. हवेला कमी भिडणारी सायकल 'सायकल'च नव्हे, असा निवाडा झाला.

साठ वर्षांनी हाच वाद पुन्हा पेटला. १९८४ मध्ये इटलीच्या फ्रांचेस्को मोझरने मेक्सिको शहरात, उंचावरच्या विरळ हवेत, तबकडीची चाके लावून तासाचा विक्रम ५१.१५१ किलोमीटरवर नेला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने लोटस या मोटार कंपनीच्या सायकलीवर सुवर्णपदक मिळवले. माइक बरोज यांच्या कल्पनेतून उतरलेली ती चौकट नळ्यांची नव्हतीच. सारी एका साच्यातली होती आणि पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले होते.

पण मला अधिक जवळचा वाटतो तो स्कॉटलंडचा ग्रेम ओब्री. त्याच्यामागे कंपनी नव्हती. त्याने आपली सायकल स्वतः घडवली आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग बसवले. पाय एकमेकांजवळून फिरावेत म्हणून पायडलमधील अंतर कमी केले, गुडघे आपटू नयेत म्हणून वरची दांडी काढून टाकली, आणि हात छातीखाली दुमडून तो हँडलवर जवळजवळ पालथा झाला. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतील हामार येथे पहिल्या दिवशी त्याचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा उतरला आणि ५१.५९६ किलोमीटर गेला. मोझरचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. सहाच दिवसांनी बोर्डमनने तो ५२.२७० वर नेला. पुढच्या वर्षी ओब्रीने परत घेतला. १९९४ मध्ये संघटनेने ओब्रीची बैठक नियमबाह्य ठरवली. मग त्याने हात समोर लांब पसरलेली नवी बैठक काढली. तिच्यावरच बोर्डमन १९९६ मध्ये ५६.३७५ किलोमीटर गेला, आणि तीही पुढे बंद झाली. सन २००० पासून सायकलीचे किमान वजन ६.८ किलो, चौकट दोन त्रिकोणांची, नळ्यांच्या खोलीला मर्यादा, असे नियम आले. तासाच्या विक्रमासाठी तर १९७२ मध्ये एडी मर्क्सने वापरली तशी साधी गोल नळ्यांची सायकल सक्तीची झाली. त्या नियमाखाली बोर्डमन २००० साली गेला ४९.४४१ किलोमीटर, मर्क्सच्या ४९.४३१ पेक्षा अवघे १० मीटर अधिक! त्याच माणसाच्या दोन आकड्यांतील सात किलोमीटरांचे अंतर बव्हंशी बैठक आणि सायकल यांचे आहे.

ही सक्ती २०१४ मध्ये सैल झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये डॅन बिगम या मुळात वायुगतीचा अभियंता असलेल्या स्वाराने ५५.५४८ किलोमीटरांचा विक्रम केला, आणि ऑक्टोबरमध्ये इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ गाठले. लांब ट्रायथलॉनने मात्र सायकल संघटनेची चौकटीची व्याख्या आपल्यावर लादून घेतली नाही. म्हणून तेथे सीटखालची नळीच नसलेल्या, पोटात पाणी आणि खाणे साठवणाऱ्या चमत्कारिक चौकटी दिसतात.

नियम हवेत, असे मला वाटते. नियम नसतील तर शर्यत प्रयोगशाळांची आणि तिजोऱ्यांची होईल. परंतु ओब्रीच्या उदाहरणावरून असेही दिसते, की नियमाची कुऱ्हाड कधी कधी पैशावर न पडता नेमकी कल्पकतेवर पडते. महाग चौकट नियमात बसते आणि गरिबाची युक्ती बाहेर राहते. व्याख्या करणाऱ्याने एवढे तरी स्वतःला विचारावे, की आपण कोणाला आत घेत आहोत आणि कोणाला बाहेर ठेवीत आहोत.

मग आरंभरेषेवरच्या त्या महाग सायकलीचे काय? तिचा लाभ खरा आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण वाऱ्याच्या मागणीतील तीन-चतुर्थांश भाग शरीराचा आहे आणि शरीर प्रत्येकाला मिळालेले आहे. कोपरे आत, डोके खांद्यांच्या मध्ये खाली, पाठ शक्य तेवढी सपाट, आणि फडफडणारा सदरा न घालता अंगाला बसणारे कपडे. यांपैकी कशालाही लाख रुपये पडत नाहीत. त्याला सराव मात्र लागतो. अशा बैठकीत तासभर टिकणे ही मेहनतीची गोष्ट आहे.

ज्यांना हे शब्दांवर विश्वासून मान्य करायचे नसेल, त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. वारा पडलेला असताना, रहदारी नसलेला एखादा सरळ उतार निवडावा, ज्याच्या पायथ्याशी लांब सपाट रस्ता आहे. खडूने एक रेघ मारून तेथून पायडल न मारता सायकल सोडावी. एकदा ताठ बसून जावे, एकदा ओणवे होऊन. ब्रेकवर बोटे तयार ठेवावीत आणि नजर रस्त्यावरच असावी. दोन्ही वेळा सायकल आपोआप जेथे थांबेल तेथे खूण करावी, आणि दोन खुणांमधले अंतर पावलांनी मोजावे. आमच्या जिमखान्याने सरावाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक नव्या खेळाडूकडून ही पावले मोजून घ्यावीत, अशी माझी सूचना आहे.